परत फिरण्याची विद्या

दरवर्षीं दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली, म्हणजे मुलांच्या संभाषणाला दोन-चार दिवस एकच विषय असतो : कोण कोठें गेला आणि कोणीं काय पाहिलें. पूर्वीं ह्या प्रश्नाचीं उत्तरें ठराविक असत. आजोळ, माथेरान, महाबळेश्वर, फार तर एखादा समुद्रकिनारा. हिमालयाचें नांव त्या यादींत क्वचितच येई. वृद्धांनीं यात्रेस जावें किंवा गिर्यारोहकांनीं पराक्रम गाजवावा असा तो प्रदेश, अशीच सर्वसाधारण समजूत होती. अलीकडे ही स्थिति पालटली आहे. आईबाप आपल्या शाळकरी मुलांस बरोबर घेऊन गढवाल, कुमाऊं, लडाख, एवढेंच नव्हे तर नेपाळांतील खुंबू खोऱ्यांतून थेट एव्हरेस्टच्या तळछावणीपर्यंत पायीं जाऊं लागले आहेत. ही गोष्ट आम्हांस मनापासून आवडते. परंतु अशा प्रवासांतून मुलांनीं काय शिकून यावें, ह्याचा विचार घरोघर पुरेसा होतो असें मात्र दिसत नाहीं. त्यासंबंधीं चार शब्द लिहावे, म्हणून आज लेखणी हातीं घेतली आहे.

निमित्त असें घडलें. इयत्ता नववींतील आमचा एक विद्यार्थी आईवडील व दहा वर्षांची धाकटी बहीण ह्यांजबरोबर दिवाळीच्या सुटींत एव्हरेस्टच्या तळछावणीकडे निघाला होता. तो तेथपर्यंत पोहोंचला नाहीं. वाटेंतील दिंगबोचे ह्या गांवाहून सर्व कुटुंब परत फिरलें. शाळेंत ही वार्ता कळतांच कांहीं मुलांनीं त्याचें नांव ‘अर्धा एव्हरेस्ट’ असें ठेविलें. मुलांची थट्टा ती. चार दिवसांत विरूनही गेली असती. परंतु पालकांच्या सभेच्या दिवशीं एका सद्गृहस्थांनीं त्या मुलाच्या वडिलांस आमच्या देखतच विचारिलें, “एवढा पैसा खर्चून शेवटीं पदरांत पडलें काय?” वडील नुसते हंसले. आमच्या मनांतून मात्र तो प्रश्न गेला नाहीं. कारण तो एका कुटुंबापुरता नाहीं. आपण आपल्या मुलांस यश म्हणून काय दाखवितों, ह्याचाच तो प्रश्न आहे.

ज्या वाचकांस ही वाट ठाऊक नाहीं, त्यांच्याकरितां तिचें थोडें वर्णन केलें पाहिजे. काठमांडूच्या बाजूनें लहान विमानांत बसून प्रवासी लुक्ला येथें उतरतात. तेथील धांवपट्टी डोंगराच्या उतारावर बांधलेली असून तिची लांबी अवघी ५२७ मीटर आहे. तिच्या एका टोंकास डोंगराची भिंत व दुसऱ्या टोंकास दरी. तेनसिंग व हिलरी ह्यांचीं नांवें ह्या विमानतळास २००८ सालीं देण्यांत आलीं. लुक्ल्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें २८५० मीटर. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर जें कळसूबाई, तें १६४६ मीटर. म्हणजे विमानांतून जमिनीवर पाऊल ठेवितांच मनुष्य कळसूबाईच्या माथ्याहून सुमारें बाराशें मीटर वर असतो, आणि चालणें तर अजून आरंभावयाचें असतें. पुढें दूधकोसी नदी झुलत्या पुलांवरून पुनःपुन्हा ओलांडीत वाट ३४४० मीटरांवरील नामचे बाजार येथें चढते. अलीकडेच सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाची हद्द लागलेली असते. हें उद्यान १९७६ सालीं स्थापन झालें व १९७९ सालीं जागतिक वारशाच्या यादींत समाविष्ट झालें. नामच्याच्या वरच्या अंगास खुमजुंग गांवीं हिलरी ह्यांच्या पुढाकारानें १९६१ सालीं निघालेली शेर्पा मुलांची शाळा आहे. त्यानंतर सुमारें ३८६० मीटरांवर तेंगबोचेचा मठ, मग ४४१० मीटरांवर दिंगबोचे, पुढें लोबुचे व गोरक्षेप, आणि सर्वांत शेवटीं ५३६४ मीटरांवर ती तळछावणी. तेथूनही एव्हरेस्टचा माथा जवळजवळ साडेतीन हजार मीटर वर राहतो. २०२० सालीं नेपाळ व चीन ह्यांनीं मिळून जाहीर केलेली त्याची उंची ८८४८.८६ मीटर आहे.

आमच्या विद्यार्थ्यानें ह्या प्रवासावर निबंध लिहून दिला, तो आम्हीं दोनदां वाचिला. मंत्र कोरलेल्या शिळांची भिंत वाटेंत आली कीं ती उजव्या हातास ठेवून जावयाचें. ओझ्याच्या जनावरांचा तांडा समोरून आला कीं दरीच्या बाजूस न थांबतां डोंगराच्या बाजूस उभें राहावयाचें. नामच्यास एक दिवस अधिक राहून दिवसा वर चढावयाचें व रात्रीं पुन्हा खालींच निजावयाचें. अशा अनेक गोष्टी त्यानें बारकाईनें टिपिल्या आहेत. पांचव्या दिवशीं तीं दिंगबोच्यास पोहोंचलीं. त्या रात्रीं बहिणीचें डोकें दुखूं लागलें. तिला झोंप आली नाहीं. सकाळीं तिनें अन्न दूर सारिलें. तो दिवस विसांव्याचाच होता. परंतु दुपारपर्यंत डोकेंदुखी थांबली नाहीं व तिला ओकारी झाली. वाटाड्या शेर्पा होता. त्यानें सांगितलें, “मुलीला आतांच खालीं न्या. तिच्याबरोबर मी जातों. तुमच्यापैकीं ज्यांना वर जावयाचें असेल त्यांना माझा सोबती उद्यां घेऊन जाईल.” म्हणजे बापलेकांस तळछावणी मोकळी होती. वडिलांनीं थोडा विचार केला आणि चौघांचेंही सामान बांधावयास सांगितलें. मुलानें प्रामाणिकपणें लिहिलें आहे : “मला फार राग आला. पहिले दोन तास मी ताराशीं बोललों नाहीं.” संध्याकाळीं तीं पांगबोचे येथें उतरलीं. तेथें मुलीनें आपण होऊन डाळभात मागितला आणि खाऊन झाल्यावर भावाची टोपी पळविली. “तेव्हां माझा राग गेला,” असें त्याचें पुढील वाक्य आहे. (बहिणीचें नांव आम्हीं येथें बदललें आहे.)

आतां त्या वाटाड्यानें एवढी घाई कां केली, हें समजून घेतलें पाहिजे. पुष्कळांचा असा समज असतो कीं उंचावरील हवेंत प्राणवायूचें प्रमाण कमी असतें. तसें नाहीं. मुंबईच्या समुद्रकिनारीं हवेंत शेंकडा एकवीस भाग प्राणवायु असतो, तेवढाच तो एव्हरेस्टच्या माथ्यावरही असतो. कमी होतो तो हवेचा दाब. तळछावणीच्या उंचीवर हा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास येतो. त्यामुळें प्रत्येक श्वासाबरोबर शरीरांत जाणारा प्राणवायुही तितकाच उणा होतो. मनुष्यदेहाची रचना अशी कीं ही उणीव तो कांहीं अंशीं भरून काढूं शकतो. श्वास जलद होतो, नाडी वाढते, मूत्रपिंडें रक्तांतील आम्लक्षारांचा मेळ नव्यानें बसवितात, आणि कांहीं आठवड्यांनीं रक्तांतील तांबड्या पेशीही वाढतात. मात्र ह्या सर्वांस वेळ लागतो, आणि तो वेळ पैसा देऊन किंवा निश्चय करून कमी करतां येत नाहीं. म्हणूनच जाणत्यांनीं असा नियम घालून दिला आहे कीं तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर रात्रीं निजण्याची उंची दररोज पांचशें मीटरांहून अधिक वाढवूं नये, व दर तीन-चार दिवसांनीं एक दिवस विसांवा घ्यावा. हा नियम पाळूनही कोणास त्रास होणारच नाहीं, अशी हमी नाहीं.

हा त्रास डोकेंदुखी, मळमळ, थकवा, निद्रानाश ह्यांपासून सुरू होतो. तेथेंच थांबलें तर तो बहुधा एक-दोन दिवसांत निवळतो. दुर्लक्ष करून वर चढत गेल्यास मात्र फुप्फुसांत पाणी उतरतें किंवा मेंदूस सूज येते, आणि मग जीव जावयास कांहीं तासही पुरे होतात. गिरिप्रवासांतले सगळे जाणते एकच उपाय प्रथम सांगतात : लक्षणें असतांना वर चढूं नका, आणि तीं वाढूं लागलीं तर रात्र असो वा दिवस असो, खालीं उतरा. औषधें व प्राणवायूचीं नळकांडीं हीं उतरण्यास साहाय्य करणारीं आहेत. तीं उतरण्याची जागा घेऊं शकत नाहींत. ह्याच कामासाठीं १९७३ सालीं नेपाळांत हिमालयन रेस्क्यू असोसिएशन ही संस्था निघाली, आणि दिंगबोच्याजवळच्या फेरिचे गांवीं तिचा दवाखाना प्रवासाच्या हंगामांत चालतो.

दोन गोष्टी पालकांनीं विशेष ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं शरीराचा बळकटपणा ह्या आजारापासून रक्षण करीत नाहीं. शर्यतींत पहिला येणारा तरुण आजारी पडतो आणि त्याची सावकाश चालणारी आत्या ठणठणीत राहते, असें नेहमीं घडतें. उलट बळकट मनुष्य वेगानें चढतो, म्हणून त्यालाच धोका अधिक. दुसरी गोष्ट ही कीं लहान मुलांस हा आजार मोठ्यांइतकाच होतो, पण तीं तो सांगूं शकत नाहींत. मूल किरकिर करतें, जेवत नाहीं, खेळत नाहीं. आणि आपण त्याला हट्टी म्हणतों. उंचावर मुलाची अशी अवस्था झाली तर तो आजारच आहे असें धरून चालावें. त्या दहा वर्षांच्या मुलीनें डोकें दुखतें असें स्पष्ट सांगितलें, आणि घरच्यांनीं तें ऐकिलें. कित्येक घरांत मूल सांगत नाहीं तें एवढ्याच भीतीनें कीं आपल्यामुळें सर्वांची सहल बुडेल. आपल्या मुलांस ही भीति वाटते कीं नाहीं, हें प्रत्येक आईबापांनीं आपल्या मनाशीं विचारून पाहावें.

यावर कोणी म्हणेल, “अशानें मुलें भित्रीं होतील. पाऊल पुढें टाकणें हेंच शौर्य.” शौर्याचें मोल आम्हीही जाणतों. परंतु ज्यांच्या शौर्याविषयीं कोणास शंका नाहीं, त्यांचेच चरित्र काढून पाहावें. तेनसिंग नोर्गे हे १९५२ सालच्या मे महिन्यांत स्विस गिर्यारोहक रेमंड लांबेर ह्यांजबरोबर एव्हरेस्टवर सुमारें ८६०० मीटरांपर्यंत चढले होते. तेवढ्या उंचीवर त्यापूर्वीं कोणी गेल्याची नोंद नव्हती. तेथून ते परत फिरले. पुढल्या वर्षीं, २६ मे १९५३ रोजीं, ब्रिटिश पथकांतील चार्ल्स इव्हान्स व टॉम बूर्डिलन हे दोघे शिखराखालीं केवळ शंभर मीटरांच्या आसपास, दक्षिण शिखरावर पोहोंचले. जगाचा माथा समोर दिसत होता. पण वेळ फार झाला होता, प्राणवायूच्या उपकरणांत बिघाड होता, आणि पुढें गेल्यास परत येणें घडणार नाहीं हें त्यांनीं ओळखिलें. ते दोघे फिरले. तीन दिवसांनीं, २९ मे रोजीं, हिलरी व तेनसिंग शिखरावर उभे राहिले. इव्हान्स व बूर्डिलन पुढें गेले असते तर कदाचित् त्यांचीं नांवें आज प्रत्येक भूगोलाच्या पुस्तकांत असतीं. कदाचित् त्यांचे देह तेथें राहते, आणि पथकास शिखराचा नाद सोडून त्यांच्या शोधास लागावें लागतें. तसेंच शॅकल्टन ह्यांचें. दक्षिण ध्रुव सुमारें १८० किलोमीटरांवर राहिला असतां, ९ जानेवारी १९०९ रोजीं, ते आपल्या तीन सोबत्यांसह मागें वळले. अन्न संपत आलें होतें. ध्रुव मिळाला नाहीं, पण चौघेही जिवंत घरीं आले. ह्या माणसांस भित्रें म्हणण्याचें धाडस कोण करील?

आमच्या म्हणण्याचा कोणीं असाही अर्थ घेऊं नये कीं मुलांनीं मोठी आकांक्षा धरूंच नये. मुंबईची काम्या कार्तिकेयन ही २० मे २०२४ रोजीं, सोळा वर्षांची असतांना, नौदलांत अधिकारी असलेल्या आपल्या वडिलांसह एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोंचली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सात खंडांतील सर्वोच्च शिखरें तिनें पूर्ण केलीं. हें वाचून आमच्या मुलांचा ऊर भरून यावा, अशीच आमची इच्छा आहे. पण वृत्तपत्रांतील मथळा वाचून थांबूं नये. ती बारा वर्षांची असतांना, २०२० सालीं, दक्षिण अमेरिकेंतील ६९६१ मीटर उंचीच्या अकोंकाग्वा शिखरावर गेली होती. त्याच्याही आधीं लहान-मोठ्या पर्वतांवरील कित्येक वर्षांची चाल होती. म्हणजे एव्हरेस्टची ती पायरी पुष्कळ पायऱ्यांनंतर आली. नेपाळ सरकारही सोळा वर्षांखालील मुलांस एव्हरेस्ट चढण्याचा परवाना देत नाहीं. एका सुटींत, एका झपाट्यांत, शेजाऱ्यापाजाऱ्यांस सांगण्यासाठीं म्हणून जें उरकावयाचें, त्याचा आणि ह्या तपश्चर्येचा कांहीं एक संबंध नाहीं.

आतां आमच्या मनांतील मुख्य गोष्ट सांगतों. आमच्या शाळांतून, आणि खरें सांगावयाचें तर घरांतूनही, मुलांस जें नित्य शिकविलें जातें तें पुढें जाण्याचें. पहिला कोण, दुसरा कोण, शेंकडा किती, शेजारच्या मुलास किती. ह्यांत मागें राहणाऱ्याची व्यवस्था काय, हा प्रश्न फारसा निघत नाहीं. डोंगरावरील वाट हा हिशेब उलटा मांडते. तेथें कुटुंबाची चाल सर्वांत सावकाश चालणाऱ्यावर ठरते. जो पुढें आहे त्यानें थांबावयाचें असतें. आणि जो मागें आहे त्यानें लाजावयाचें नसतें. नववींतल्या मुलाला बहिणीच्या पावलानें चालावें लागणें, आणि हातांतोंडाशीं आलेली वस्तु तिच्याकरितां सोडावी लागणें, हा धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकांत घालतां येत नाहीं. तो त्यानें प्रथम रागानें घेतला आणि मागाहून समजून घेतला. बहुतेक खरे धडे असेच घेतले जातात. “पदरांत पडलें काय?” ह्या प्रश्नाचें आमचें उत्तर हें आहे. त्या मुलीला तर ह्याहूनही मोठी वस्तु मिळाली. आपण आजारी पडलों तर आपलीं माणसें आपल्याला ओझें समजत नाहींत, हें तिनें डोळ्यांनीं पाहिलें. हा विश्वास ज्या मुलास लहानपणीं मिळाला, तें मोठेपणीं आपलें दुखणें, आपलें अपयश, आपली चूक घरच्यांपासून लपविणार नाहीं.

पुढें जाण्यापूर्वीं भारवाहकांविषयीं एक शब्द. आपल्या पाठीवरचें ओझें जो वाहतो, तोही त्याच हवेंत श्वास घेतो. त्यांतले पुष्कळ जण खालच्या खोऱ्यांतून मजुरीसाठीं आलेले असतात. त्यांना उंचीचा त्रास आपल्यासारखाच होतो, आणि अंगावर कपडे मात्र आपल्याहून कमी असतात. आपल्या भारवाहकास उबदार कपडे, नीट पादत्राणें व रात्रीं निवारा आहे कीं नाहीं, ओझें बेताचें आहे कीं नाहीं, ह्याची चौकशी आईबापांनीं मुलांच्या देखत करावी. तो आजारी पडला तर त्याला एकट्यास खालीं पाठवूं नये. चार माणसांच्या कुटुंबाबरोबर भारवाहक चालूं लागला, म्हणजे ती पांच माणसांची तुकडी झाली.

आमच्या शाळेंत अशींही पुष्कळ मुलें आहेत, ज्यांच्या आईबापांस नेपाळचें भाडें ह्या जन्मीं परवडणार नाहीं. त्यांनीं हा लेख आपल्यासाठीं नाहीं असें समजूं नये. कळसूबाई आपल्या अकोले तालुक्यांत आहे, हरिश्चंद्रगडही तेथेंच आहे. तेथें हवा त्रास होण्याइतकी विरळ होत नाहीं. पण धुकें उतरतें, पावसानें खडक निसरडा होतो, पाणी संपतें, सूर्य मावळावयास येतो, आणि बरोबरचा एखादा लंगडूं लागतो. “आतां माथा राहिला तरी किती!” ही हांक तेथेंही ऐकूं येते आणि दरवर्षीं कोणाचा तरी घात करिते. निघण्यापूर्वींच घड्याळांतील एक वेळ ठरवावी, आणि त्या वेळीं जेथें असूं तेथून माघारें वळावें. एवढी एक संवय लागली तरी सह्याद्रीनें आपल्याला पुष्कळ शिकविलें असें आम्ही म्हणूं.

पालकहो, तुमची अडचण आम्ही जाणतों. सुटी मोजकी असते, विमानाचें तिकीट आधींच काढलेलें असतें, आणि पुन्हा येणें होईल कीं नाहीं ह्याची खात्री नसते. म्हणूनच निर्णय उंचावर गेल्यावर घ्यावयाचा नाहीं. तो घरीं, जेवणाच्या पाटावर, सर्वांनीं मिळून घ्यावयाचा. प्रवासाच्या आंखणींत दोन दिवस मोकळे ठेवा. एकाला त्रास झाला तर सर्वांनीं थांबावयाचें, आणि तो वाढला तर सर्वांनीं उतरावयाचें, हें मुलांस स्पष्ट शब्दांत सांगा. जो आपलें दुखणें पहिल्या तासांत सांगेल त्याची शाबासकी होईल, हेंही सांगा. वाटाड्याचें ऐकावयाचें, हें सर्वांत प्रथम स्वतः कबूल करा. कारण तेथें वडीलपण त्याचें आहे.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांला एवढेंच सांगणें आहे. पर्वत तेथेंच आहेत. तुमचीं वर्षेंही पुष्कळ आहेत. ज्याला परत फिरतां येतें, त्यालाच पुन्हा जातां येतें. ह्यापुढें तुमचा एखादा मित्र डोंगराहून आला, तर “कोठपर्यंत गेलास?” हा प्रश्न अवश्य विचारा; पण त्याच्या आधीं “सर्व जण नीट परत आलांत ना?” असें विचारा.